गाव तेच, कचेरी निराळी

कुणी आपल्याला ‘तुमचं गाव कुठलं?’ असे विचारले की आपण आधी गावाचे नाव सांगतो, मग तालुका, मग जिल्हा. गाव, तालुका, जिल्हा ही साखळी आपल्या तोंडात इतकी बसलेली असते की ती पूर्वापार तशीच चालत आली असावी असे वाटते. पण ह्या तिन्हींतले पहिले नाव तेवढे जुने. गाव शेकडो वर्षे एका जागी असते. ओढा तोच, देऊळ तेच, पांढरीही तीच. तालुका मात्र दोन-तीन पिढ्यांत बदललेला असतो, आणि जिल्हा तर काही ठिकाणी एकाच माणसाच्या हयातीत दोनदा बदललेला आहे. गाव जागचे हललेले नसते. त्याच्यावरची कचेरी बदललेली असते.

एरवी ह्या बदलाने आपले काही अडत नाही. अडते ते पूर्वजांचा माग काढू लागलो म्हणजे. आणि हा माग काढणारी माणसे आज थोडीथोडकी नाहीत. कुणाला घराण्याची वंशावळ मांडायची असते. कुणाला वडिलोपार्जित जमिनीत आपला वारसा सिद्ध करायचा असतो. कुणाच्या मुलीला महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा असतो आणि त्यासाठी जातीचा दाखला व त्याची पडताळणी लागते. हा दाखला मागताना पुरावा आजचा चालत नाही, ठरलेल्या तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या त्या तारखा. म्हणजे आजोबा-पणजोबा त्या काळी कुठे राहत होते आणि त्यांची नोंद कुठल्या कागदात आहे, हे शोधणे भाग पडते. मग माणूस आजच्या जिल्ह्याच्या गावी जातो, दोन-चार खेपा घालतो, आणि ‘आमच्या आजोबांची नोंदच नाही’ असे म्हणून हात टेकतो. पुष्कळदा नोंद असते. ती दुसऱ्या ठिकाणी असते, एवढेच.

उदाहरणच घेऊ. समजा, उदगीरजवळच्या एका खेड्यातले कुटुंब आहे. पणजोबांच्या जमिनीचा कागद हवा आहे. नातू लातूरला जातो, कारण जिल्हा लातूर. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे ज्याला आज धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यात होते. तेही १ नोव्हेंबर १९५६ पासूनच. त्यापूर्वी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. तो जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि पुढे आठ वर्षे हैदराबाद राज्यात होता. बीदर आज कर्नाटकात आहे. म्हणजे घर एकच, पण पणजोबांचा जिल्हा बीदर, आजोबांचा उस्मानाबाद आणि नातवाचा लातूर! शिवाय उदगीर तालुक्यातली काही गावे पुढे जळकोट आणि देवणी ह्या नव्या तालुक्यांत गेली, ती गोष्ट वेगळीच. अशा माणसाने फक्त लातूरला विचारून परत फिरावे, हे काही बरोबर नाही.

जिल्हा फुटतो म्हणजे नेमके काय होते? आपल्या घरातल्या वाटणीसारखेच होते. भाऊ वेगळे झाले म्हणजे शेत वाटले जाते, भांडी वाटली जातात, गुरे वाटली जातात. पण आजोबांची जुनी पेटी बहुधा थोरल्या घरीच राहते. धाकट्याला त्यातले चार कागद मिळतात, बाकीचे तिथेच. जिल्ह्याच्या वाटणीतही काही दप्तर नव्या ठिकाणी पाठवतात, काही जुन्या ठिकाणी राहते. म्हणून धाकट्या घरी कागद मिळाला नाही तर थोरल्या घराचे दार वाजवावे. आणि थोरले घर कोणते, हे कळायला घराण्याचा नव्हे, जिल्ह्याचा इतिहास ठाऊक पाहिजे.

तो इतिहास थोडक्यात पाहू.

शिवकालात आणि पेशवाईत आजच्यासारखे जिल्हे नव्हते. जुन्या कागदात गावाचा पत्ता ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक, प्रांत अमुक’ अशा धाटणीचा असतो. मौजे म्हणजे साधे गाव, कसबे म्हणजे बाजारपेठेचे मोठे गाव. तर्फ म्हणजे काही गावांचा गट. मावळात त्यालाच खोरे किंवा मावळ म्हणत. गुंजण मावळ, मुठे खोरे, पौड खोरे ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्याच्या वर परगणा आणि प्रांत. प्रांत जुन्नर, प्रांत वाई, प्रांत राजपुरी अशी नावे कागदांत भेटतात. आज जुन्नर आणि वाई हे तालुके आहेत, म्हणून प्रांत जुन्नर म्हणजे आजचा जुन्नर तालुका असे समजू नये. नाव तेच असले तरी हद्द तीच असेल असे नाही. हा पहिला धडा.

१८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकारने कलेक्टर नेमले. त्यांचे पहिले जिल्हे फार मोठे होते. कारभार वाढला तसे त्यांचे तुकडे पडत गेले. १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात अहमदनगरकडची गावे आली आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण हा भाग खानदेशातून आला. तेव्हा मालेगावच्या एखाद्या घराण्याला १८६९ पूर्वीचा कागद हवा असेल तर त्याने नाशिकचे नाव विसरून खानदेशचे नाव शोधले पाहिजे. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्हा वेगळा निघाला. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खानदेशाला जळगाव आणि पश्चिम खानदेशाला धुळे अशी नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. म्हणजे नंदुरबारच्या माणसाला पणजोबांच्या कागदावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असे दिसले तर त्याने बिचकू नये. ते त्याचेच गाव.

वऱ्हाडची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. तिथे पूर्वी सहा जिल्हे होते, त्यांत वाशीम हा एक. १९०५ साली सहाचे चार केले. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हा जिल्हा अमरावतीत मिळाला. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला गेले आणि पुसद यवतमाळला गेला. जवळजवळ त्र्याण्णव वर्षे वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होऊन राहिला. मग १९९८ साली तो पुन्हा जिल्हा झाला. आता पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कागदावर ‘जिल्हा वाशीम’ लिहिलेले आहे आणि आजही ‘जिल्हा वाशीम’ आहे. बघणाऱ्याला वाटते, काही बदललेच नाही. पण त्या जुन्या वाशीम जिल्ह्यात पुसद होते आणि आजच्या वाशीम जिल्ह्यात ते नाही. शिवाय मधल्या काळाचे कागद अकोल्याच्या नावाने आहेत. नाव सारखे दिसले की आपण बेसावध होतो. हा दुसरा धडा.

आता संस्थानांकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या मुलखात इंग्रजी अंमलाच्या गावांना लागूनच संस्थानी गावे होती. ओढ्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. बहीण दिली ती दुसऱ्या राज्यात! तालुके आणि सरहद्दी अशा गुंतलेल्या होत्या की आजच्या नकाशावरून त्याची कल्पना येणार नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींचे संस्थान घ्या. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत आणि ह्याच संस्थानचा गुणदाळ हा भाग कर्नाटकात विजापूरकडे गेला. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती कुंडलच्या माळावर, म्हणजे औंध संस्थानच्या हद्दीत. कारखान्यात काम करायला ठिकठिकाणची माणसे आली, तिथेच त्यांची मुले जन्मली. त्यांच्या नातवंडांनी जन्मनोंद शोधायची तर आधी ‘सांगली जिल्हा’ हे शब्द बाजूला ठेवले पाहिजेत, कारण तेव्हा त्या नावाचा जिल्हाच नव्हता.

तो झाला तरी कसा? १९४८ साली दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासच्या संस्थानांची गावे एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा केला. उरला तो ‘उत्तर सातारा’. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली दक्षिण साताऱ्याचे सांगली हे नाव ठेवण्यात आले. म्हणून त्या दहा-अकरा वर्षांतल्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असे छापलेले असते आणि आजचा मुलगा ते वाचून ‘आपण साताऱ्याचे केव्हा होतो?’ असे विचारतो. उलट सांगली संस्थान आणि सांगली जिल्हा हेही एक नव्हेत. मंगळवेढे सांगली संस्थानात होते, ते आज सोलापूर जिल्ह्यात आहे. शिरहट्टीही सांगली संस्थानात होती, ती आज कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात आहे.

कोकणात हेच. मुरुड, म्हसळे, श्रीवर्धन हा भाग जंजिऱ्याच्या नबाबाकडे होता. सुधागड तालुका, ज्यात पालीचा गणपती आहे, तो भोर संस्थानात होता, आणि भोर स्वतः घाटावर पुण्याकडे. विलीनीकरणानंतर हे सारे कुलाबा जिल्ह्यात आले. भोर मात्र पुणे जिल्ह्यात गेले. १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. तसेच मालवण पूर्वीपासून रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान. आज दोन्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. पण तो जिल्हा १९८१ चा. मालवणच्या आजोबांचे कागद आणि सावंतवाडीच्या आजीचे कागद मुळात दोन राज्यांच्या कारकुनांनी लिहिलेले आहेत.

मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची आणि सालाची. निजामाच्या राज्यात वरचा कारभार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले, आणि कागदावर साल असे ते फसली. तिथल्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. फसली १३४३ म्हणजे १९३३-३४. पेशवाईच्या कागदात शुहूर सन असतो आणि तोही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२ येतात. हे साल मृगाच्या सुमारास सुरू होई, म्हणून ते १७७२-७३ धरायचे. शकात ७८ मिळवायचे हे तर तुम्हाला पंचांगामुळे माहीतच आहे. हे हिशोब का सांगतो? कारण साल चुकले की त्या साली गाव कुणाच्या अंमलात होते हेही चुकते, आणि मग पुढचा सगळा शोध भलत्याच कचेरीत जातो. २०२३ साली मराठवाड्यातल्या जुन्या जातनोंदी शोधण्याचे काम शासनाने हाती घेतले तेव्हा हैदराबादच्या दप्तराकडेही वळावे लागले, ते ह्याच कारणाने.

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस तर सरहद्दीवरच्या प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले. चंदगड बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आले. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला जोडले गेले. त्यांतला राजुरा १९५९ साली पुन्हा उचलून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला दिला. उलट मुधोळ हा भाग नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादकडे गेला. तो आधी आंध्र प्रदेशात होता, २०१४ पासून तेलंगणात आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तिथल्या मराठी घराण्यांचे जुने कागद नांदेडच्या नावाने असतील. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा ह्या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. माणसे रात्री एका राज्यात निजली आणि सकाळी दुसऱ्या राज्यात उठली. त्यांचे सोयरे मात्र होते तिथेच राहिले.

महाराष्ट्र झाला तेव्हा सव्वीस जिल्हे होते, आज छत्तीस आहेत. दहा नवे कोणते ते एकदा सलग सांगतो, लिहून घेतले तर उपयोगी पडतील. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, आणि औरंगाबादेतून जालना. जालन्यात परभणीचा परतूर तालुकाही आला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. १९९० साली मुंबई उपनगर. १९९८ साली अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार. १९९९ साली परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. आणि २०१४ साली ठाण्यातून पालघर. ह्यांखेरीज नुसती नावे बदलली ती वेगळी. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; अहमदनगरचे अहिल्यानगर झाले ते २०२४ साली. नाव बदलणे निराळे आणि हद्द बदलणे निराळे. नाव बदलले तर दप्तर जागचे हलत नाही. हद्द बदलली तर ते हलू शकते. हा तिसरा धडा.

असे आपल्याकडेच होते असे मात्र नाही. इंग्लंडात पूर्वजांचा शोध घेण्याचा छंद पुष्कळांना आहे. तिथे चर्चच्या वस्तीला पॅरिश म्हणतात आणि पॅरिशच्या वहीत बारसे, लग्न, दफन ह्यांच्या नोंदी १५३८ पासून ठेवण्याचा हुकूम झालेला आहे. पॅरिशच्या वर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. १९७४ साली तिथल्या काउंट्यांची मोठी उलथापालथ झाली. रटलंड नावाची चिमुकली काउंटी शेजारच्या लेस्टरशायरमध्ये घालून टाकली, आणि १९९७ साली तिचा कारभार पुन्हा वेगळा केला. आपल्या वाशीमची आठवण होते की नाही? तिथले जाणते लोकही नवशिक्याला हेच सांगतात, की आधी त्या सालची हद्द पाहा, मग वही उघडा.

आता शोध घ्यायचा कसा ते पाहू. पहिली गोष्ट, सुरुवात साल ठरवून करावी. ‘आमचे गाव कुठल्या जिल्ह्यात आहे?’ हा प्रश्न टाकून द्या. ‘अमुक साली आमचे गाव कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या तालुक्यात होते?’ असा प्रश्न विचारा. एक कागद घेऊन त्यावर उभे रकाने पाडा. पहिल्या रकान्यात साल, दुसऱ्यात राज्य किंवा संस्थान, तिसऱ्यात जिल्हा, चौथ्यात तालुका. १८१८, १८६९, १९०५, १९४८, १९५६, १९६० आणि तुमचा जिल्हा झाला ते वर्ष, एवढ्या ओळी बहुतेक गावांना पुरतात.

हा तक्ता भरायला साधने आहेत. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका १९५१ पासून निघत आल्या आहेत. त्यांत तालुकावार प्रत्येक गाव दिलेले असते आणि हद्दीत झालेल्या फेरफारांची माहितीही पुष्कळदा असते. इंग्रजी अमदानीतली जिल्ह्यांची गॅझेटियरे आणि शासनाने पुढे काढलेली नवी गॅझेटियरे मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. जिल्हा कसा बनला ह्याची हकीकत त्यांत असते.

तक्ता झाला की मग कागद. जुन्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा. त्यानंतर तयार झालेले फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, हे पूर्वज शोधायला फार मोलाचे. कुणी मयत झाला, त्याचे वारस कोण, मुले किती, विधवा कोण हे त्यात नावानिशी येते. नुसता सातबारा पाहून थांबू नका; त्यावर वर्तुळात फेरफाराचे आकडे असतात, त्यांच्या मागे मागे जा. कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक हे दुसरे साधन. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे तिसरे. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि विदर्भात अधिकार अभिलेख ही साधारण तशाच कामाची कागदपत्रे आहेत. ह्यांच्याही मागे जायचे असेल तर पुराभिलेखागार. पुण्याचे पेशवे दप्तर सर्वांना नावाने ठाऊक आहे. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही राज्याची पुराभिलेख कार्यालये आहेत. जुना कागद बहुधा मोडीत असेल, तेव्हा मोडी वाचणारा माणूस गाठावा किंवा स्वतः शिकावे. चार-सहा महिन्यांत अक्षर ओळखू येऊ लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. वडगाव किती आणि पिंपळगाव किती, मोजून संपायची नाहीत. म्हणून बुद्रुक की खुर्द, आणि जुन्या कागदातली तर्फ कोणती, हे नीट पाहावे. त्यावरूनच आपले वडगाव ओळखू येते. दुसरे, धरणात गेलेल्या गावांचे. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. इथे मी मघाशी म्हटले त्याच्या उलट घडते. गाव हलले, कचेरीही बदलली, पण जुने कागद राहिले ते बुडालेल्या गावाच्या नावाने आणि सातारा जिल्ह्यात.

आणि एक साधन असे आहे की ज्याला सरकारी हद्द ठाऊकच नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर अशा क्षेत्रांतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नावानिशी वंशावळी असतात, त्या गाव आणि आडनाव ह्यांवरून लावलेल्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ह्या बाजूला बैलावर बसून हेळवी येतो आणि घराण्याच्या सात-सात पिढ्या वाचून दाखवतो. त्याला धान्य वाढून आपण वाटेला लावतो. पण तो पुढच्या खेपेला आला तर त्याला ओसरीवर बसवून घ्या आणि तो सांगेल ते उतरून घ्या. कचेरीत चालायला सरकारी कागद लागेल हे खरे, पण तो कागद कुठल्या गावच्या, कुठल्या नावाखाली शोधायचा हे इथे कळते.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक सांगणे आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात जे पहिले रजिस्टर आहे ते काढा. त्याच्या पहिल्या पानावर तालुका आणि जिल्हा काय लिहिला आहे ते मुलांना वाचायला लावा. मग मघाशी सांगितलेला तक्ता मुलांकडूनच भरून घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या, की पूर्वी तारखेला कुठे जावे लागे, शेतसारा कुठल्या कचेरीत भरत, सातवीच्या परीक्षेला कुठे गेला होतात. उत्तरे येतील ती आजच्या तालुक्याची येणार नाहीत, आणि त्यातूनच मुलांना इतिहास कळेल. असा एक तक्ता पुठ्ठ्यावर लिहून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला, तर उद्या दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या एखाद्या बापाच्या चार खेपा वाचतील. आणि ते पहिले रजिस्टर वाळवी लागू न देता, कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवा. कितीतरी घरांच्या आजोबांची पहिली लेखी नोंद त्यातच आहे.